न ऐकलेला होकार

थोरला आणि ताई जेवायला येणार म्हणून बायकोने टेबल भिंतीपासून ओढून मध्ये आणलं होतं, आणि धाकट्याचं नेहमीचं गणित तिथेच चुकलं. भिंतीकडेची खुर्ची त्याची. तिथे बसलं की सगळी तोंडं समोर यायची आणि पंख्याची घरघर पाठीमागे राहायची. आज त्याच्या वाट्याला मधली खुर्ची आली. एका अंगाला मोठा भाऊ, दुसऱ्या अंगाला मोठी बहीण, समोर बायको आणि पार टोकाला मुलगी. सहा दिवस कारखान्याच्या क्रेनवर बसून त्याचे डोळे इतके शिणले होते, की आपली खुर्ची मागून घ्यायचंही त्राण उरलं नव्हतं. तो निमूट बसला.

कान जायला लागून दीड वर्ष झालं होतं. आधी गजर ऐकू येईनासा झाला, मग दारावरची घंटा, मग पाखरं. त्यानंतर बायकांच्या बोलण्यातली अक्षरं झिजत गेली. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत; शेजारच्या बिऱ्हाडातलं भांडण भिंतीआडून ऐकावं तसं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच कारखान्यात घणाशेजारी सत्तावीस वर्षं काढून वडील घरी बसले ते ठार बहिरे होऊन, आणि पुढची नऊ वर्षं घरातली माणसं त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलायची. वडील सगळ्यांकडे बघून हसायचे. त्या बोलणाऱ्यांत धाकटाही होता.

शिवाय कामाचा प्रश्न होता. क्रेनवाल्याला शिट्टी ऐकू आलीच पाहिजे, हा नियम. ज्याला ती ऐकू येत नाही त्याला दुसऱ्या दिवशी केबिनची शिडी चढता येत नाही.

म्हणून त्याने स्वतःची एक पद्धत बसवली होती. ओठांकडे बघायचं, हसणाऱ्याबरोबर हसायचं, आणि प्रश्न आपल्याला आहे असं वाटलं की मान डोलवायची. दहातल्या आठ वेळा निभून जायचं. दिवसभर असं माणसांच्या तोंडाकडे डोळे लावून बसण्याने येणारा थकवा मात्र झोपेनेही जात नव्हता.

जेवताना थोरलाच बोलत होता. तो त्याच कारखान्यात फोरमन. घरातही त्याच्या शब्दाला वजन तेच. ‘इंजिनिअरिंग’, ‘परीक्षा’, ‘दहा महिने’ एवढं धाकट्याने पकडलं. मुलीला इंजिनिअर व्हायचंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यात नवीन काही नव्हतं. पुढचं सगळं थोरला तोंडावर हात धरून दात कोरत बोलला. ताई मध्येच काहीतरी म्हणाली, बायकोने पदराने कपाळ टिपलं. मग टोकाकडून मुलीने त्याच्याकडे बघितलं. ‘बाबा’ हे ओठांवरून कळलं. पुढचं पंख्याने गिळलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने मान डोलावली. मुलगी तशीच बघत राहिली, पुन्हा काहीतरी म्हणाली. एकदा पुरलं नाही वाटतं, म्हणून त्याने दुसऱ्यांदा, जरा जास्तच जोरात डोलावली.

थोरल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कारखान्यात बोलतो त्या आवाजात म्हणाला, “झालं तर मग. बापच हो म्हणाला.”

हे लख्ख ऐकू आलं. आपण हो कशाला म्हणालो ते कळलं नाही. चांगल्याच कशाला तरी म्हणालो असणार, असं धरून तो हात धुवायला उठला.

*

मंगळवारी चार वाजता तो पाळीवरून परतला, तर घर बंद पडल्यासारखं होतं.

एरवी या वेळी मुलगी आतल्या खोलीत ट्रॉम्बोन वाजवत असायची. शाळेच्या बँडमधलं ते वाद्य, लांब पितळी नळी पुढे-मागे सरकवत वाजवायचं. चार वर्षांपूर्वी तिने ते पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा ताई म्हणाली होती, पोरीपेक्षा पिपाणीच मोठी आहे. तेव्हापासून पोरीचंच नाव पिपाणी पडलं. सुरुवातीला जो आवाज निघायचा त्याने शेजारी दार लावून घ्यायचे. पण तो आवाज खालचा होता, भरीव, जमिनीतून वर यावा तसा. शिट्ट्या, घंटा, बायकोची हाक, सगळं एकेक करून निघून गेलं तरी तो टिकला. खोलीच्या दाराला पाठ टेकवून धाकटा चहा प्यायचा आणि त्या पंधरा-वीस मिनिटांत त्याला कशाचाही अंदाज बांधावा लागायचा नाही.

आज दार उघडं होतं. ट्रॉम्बोनची पेटी ठेवायची जागा रिकामी होती. पलंगावर कपड्यांच्या घड्या आणि एक मोठी बॅग.

बायको दवाखान्यात चादरी-गाऊन शिवण्याच्या खात्यात होती. नुकतीच येऊन पाय पाण्यात सोडून बसलेली. तिला त्याने विचारलं, वाद्य कुठे गेलं. तिने मान वर केली, म्हणून ओठ दिसले.

“शाळेत जमा केलं काल. रविवारी जायचंय ना तिला दादांकडे.”

तो बघत राहिला. बायकोला वाटलं त्याला आता वाईट वाटतंय, आणि तिने त्याच्या समजुतीसाठी सगळं पहिल्यापासून सांगितलं. थोरल्याचं घर क्लासपासून पाच मिनिटांवर. त्यांचा मुलगा इंजिनिअर होऊन परदेशी गेल्यापासून त्याची खोली टेबल-दिव्यासकट पडून आहे. ताई तिथेच असते, करायला-सवरायला आहेच. पोरीने दहा महिने तिथे राहून फक्त अभ्यास करायचा, आणि रोजचे दोन तास जे पितळ फुंकण्यात जातात ते वाचवायचे. बायकोला स्वतःला आधी बरं वाटलं नव्हतं, पण दादा म्हणतात ते चूक कुठे आहे? आणि तिच्याने आता विचार होत नव्हता. दिवसभर मशीन मारून आल्यावर कुणीतरी ठरवून दिलं तर बरंच वाटतं.

“आणि तुम्ही हो म्हणालात,” ती म्हणाली. “नाहीतर मी बोलले असते काहीतरी.”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. धाकट्याच्या ओठांपर्यंत आलंही. पण समोर बायकोचे सुजलेले पाय होते आणि डोळ्यांपुढे केबिनची शिडी. “हो,” तो म्हणाला, “म्हणालो खरं.”

मुलगी सात वाजता आली. तिच्यासमोर बसून, तिच्या ओठांवर नजर ठेवून त्याने विचारलं, तुला जायचंय का.  तिने वही काढली, उघडली, मिटली.

“मी तुम्हालाच विचारलं होतं, बाबा,” ती म्हणाली. तिचा चेहरा अगदी सरळ होता, त्यामुळे एकेक शब्द वाचता आला. “सगळ्यांसमोर विचारलं. म्हटलं, बँड सोडू का मी? तुम्ही हो म्हणालात. मला वाटलं तुमचं लक्ष नाही, म्हणून परत विचारलं. तुम्ही आणखी जोरात हो म्हणालात.”

ती उठून आत गेली. चार वर्षं दाराला पाठ लावून आपलं वाजवणं ऐकणारा एक माणूस या घरात आहे, हे तिला माहीत होतं. म्हणूनच तिने बाकी कुणाला न विचारता त्याला विचारलं होतं.

*

गुरुवारी तो अर्धी रजा टाकून शाळेत गेला. बँडची खोली जिन्याखाली होती. खुर्च्या अर्धवर्तुळात, भिंतीला हुकांवर वाद्यं. बँडमास्तर एका ट्रम्पेटची अडकलेली कळ तेल घालून मोकळी करत बसला होता. साठीला आलेला, रुंद छातीचा माणूस, आवाज पिंपातून आल्यासारखा. धाकट्याला त्याचं बोलणं बरंचसं कळलं.

बँडमास्तर रागावलेला नव्हता. दर वर्षी शेवटच्या इयत्तेची दोन-तीन मुलं अशीच जातात, म्हणाला. आईबाप येऊन सांगतात तरी, या वेळी मुलगी एकटीच आली. वाद्य पुसून, नळीला तेल लावून जमा केलं आणि विचारलं, आता हे कुणाला देणार. रडली वगैरे नाही.

मग त्याने कपाटातून एक वही काढली. मुलगी ती विसरून गेली होती, किंवा मुद्दाम ठेवून गेली होती. वहीत नळीची आखणी होती. सूर एकेक पायरी उतरवताना नळी दर वेळी किती पुढे सरकते, ते तिने पट्टी लावून मोजलं होतं. दर वेळचं अंतर मागच्यापेक्षा थोडं जास्त भरत होतं. का, याचं गणित तिने स्वतःच तीन पानं खोडून-खोडून सोडवलं होतं. पुढच्या पानांवर वाद्याच्या रुंद तोंडाला, चेपलेल्या कर्ण्याला, आतून ठोकून पोचा काढायच्या हत्याराचं चित्र होतं. ते हत्यार तिने सुताराकडून बनवून घेतलं होतं आणि शाळेतल्या तीन वाद्यांचे पोचे काढले होते.

“तिला इंजिनिअर व्हायचं वेड लागलं ते याच खोलीत,” बँडमास्तर म्हणाला. “तुम्ही लोक एक काढून घेऊन दुसरं देताय, असं तुम्हाला वाटतंय. तसं होत नाही हो.”

धाकटा वहीकडे बघत होता, त्यामुळे पुढचं वाक्य निसटलं. त्याने सवयीने मान डोलावली. बँडमास्तर थांबला. मग त्याने हातातलं ट्रम्पेट खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून थेट समोर आला.

“मी विचारलं, तुमचं वय किती. त्यावर हो म्हणालात तुम्ही.”

धाकट्याने वही मिटली.

“माझा डावा गेलाय,” बँडमास्तर सावकाश म्हणाला. “तीस वर्षं ढोल-झांजांपुढे उभा आहे. तुमचे किती गेलेत?”

“दोन्ही,” धाकटा म्हणाला. दीड वर्षात पहिल्यांदाच हा शब्द तोंडातून निघाला, आणि तोही एका परक्या माणसापुढे.

*

रविवारी मुलीची बॅग घेऊन तिघं थोरल्याच्या घरी गेली. ताईने खोली झाडून-पुसून लख्ख ठेवली होती. टेबलावर नवा दिवा, भिंतीवर थोरल्याने स्वतः आखलेलं वेळापत्रक. पहाटे पाचपासून दर तासाला काहीतरी होतं. मुलगी ते वाचत उभी राहिली.

धाकट्याने खुर्ची अशी घेतली की सगळ्यांचे चेहरे दिसतील. पंखा बंद करायला सांगितलं. उकडत असताना हा पंखा का बंद करायला सांगतोय, म्हणून ताईने विचित्र नजरेने पाहिलं, पण बटण दाबलं.

“ही इथे राहणार नाही,” तो म्हणाला. “मी हो म्हणालो नव्हतो. मला ऐकू आलं नव्हतं.”

थोरल्याला वाटलं, हा शब्द फिरवतोय. त्याने आवाज चढवला. आठ दिवसांनी ऐकू आलं नव्हतं म्हणतोस, मग तेव्हा मान कशाला हलवलीस, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, असं बरंच काही. धाकट्याने त्याला बोलू दिलं. मग म्हणाला, “दादा, मला ऐकूच येत नाही. वडिलांसारखं. दीड वर्ष झालं.”

 बायकोचा हात तोंडावर गेला. तिला एकदम गेल्या दीड वर्षातल्या किती गोष्टी आठवल्या असतील, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. ताई खाली बसली.

थोरला मात्र भावाकडे वेगळ्याच नजरेने बघत होता. “गेल्या महिन्यात,” तो म्हणाला, “खालच्या पोराने तुला थांबवायला हेल्मेट फेकून तुझ्या केबिनची काच फोडली. तू म्हणालास डोळ्यांवर ऊन आलं होतं.”

“शिट्टी ऐकू आली नव्हती.”

“चार टनांचा तुकडा होता हुकाला. खाली दोन माणसं होती.”

“होती.”

थोरला उठून खिडकीशी गेला. मग त्याला आठवलं असावं. तो वळला आणि तोंड दिसेल असा उभा राहिला. “हे तू मला सांगायला नको होतंस. भावाला सांगितलंस की ते फोरमनलाही कळतं. उद्या मला तुला वर चढू देता येणार नाही.”

“माहीत आहे. म्हणूनच इतके दिवस सांगितलं नाही.”

“मग आज का?”

धाकट्याने मुलीकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिला आनंद झालेला दिसत नव्हता. “तिने मला विचारलं होतं,” तो म्हणाला, “आणि मी उत्तरच दिलं नव्हतं.”

थोरला सहजी हटणारा नव्हता. कानाचं कानाच्या जागी, म्हणाला, पण पोरीचा अभ्यास इथेच होईल; तुझं काम गेलं तर उलट आता जास्तच गरज आहे तिने लवकर पायांवर उभं राहण्याची. बायकोही त्याच्याकडे झुकते की काय असं क्षणभर वाटलं. पण आडवी आली ती ताई. इतकी वर्षं थोरल्याचं घर सांभाळताना तिने त्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

“तुला घर खायला उठतंय,” ती म्हणाली. “मुलगा महिन्यातून एकदा फोन करतो, तोही पाच मिनिटं. म्हणून तुला ही पोर हवीय. मलाही हवीय. पण मग तसं म्हण. वेळापत्रकं कशाला आखतोस?”

थोरला तिच्याकडे बघत राहिला. त्याच्यासारख्या माणसाला असं उघड्यावर कुणी धरलं नव्हतं. पंखा बंद होता. त्याने रुमाल काढून मान पुसली आणि तिथेच, नव्या दिव्याच्या टेबलाशी बसला. पोराच्या खुर्चीवर. 

मग मुलगी बोलली. हळू, पण बापाकडे तोंड करून. क्लासला मी येईन, ती म्हणाली. आठवड्यातून तीन दिवस, आणि त्या दिवशी इथेच जेवेन, इथेच अभ्यास करेन. उरलेले दिवस बँड. परीक्षेत कमी पडले तर ती चूक माझी, बँडची नाही. हे तिने काकांना विचारलं नाही, सांगून टाकलं.

आणि मग ती बापाकडे वळली. “दीड वर्ष तुम्ही वर बसलात,” ती म्हणाली. “खाली माणसं असताना.”

धाकट्याने तिची बॅग उचलली.

*

सोमवारी कारखान्याने त्याला कानांच्या तपासणीला पाठवलं. बायकोला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मुलगी आली. वाटेत ती त्याच्या दोन पावलं पुढेच चालत राहिली. तिच्या दृष्टीने हे केवळ कानाचं प्रकरण नव्हतं. हलणारं चार टन वजन आणि त्याच्याखालची दोन माणसं, हे तिला दिसत होतं, आणि तिचा राग खरा होता.

त्याला काचेच्या छोट्या खोलीत बसवून कानांना जाड आवरणं लावली. आवाज आला की बटण दाबायचं. त्याने बराच वेळ वाट पाहिली. काचेपलीकडे तपासणारी बाई कागदावर खुणा करत होती. मुलगी आधी भिंतीला टेकून उभी होती. मग टेबलाजवळ आली. मग वाकली. मग बाईला काहीतरी विचारायला लागली आणि विचारतच राहिली.

बाहेर बाकावर ती तो कागद घेऊन त्याच्याशेजारी बसली. रेष डावीकडे बरी होती आणि उजवीकडे जाताना जिना कोसळावा तशी खाली गेली होती. तिने पेन काढलं. डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे. शिट्टी इथे, रेष कोसळते त्या कड्याच्या पार पलीकडे. आईच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं इथे, तीही गेली. तिचं स्वतःचं बोलणं निम्मं अलीकडे, निम्मं पलीकडे.

“आणि तुझी पिपाणी?” त्याने विचारलं.

तिने डावीकडे, रेष अजून सरळ होती तिथे, पेनाने एक आडवा पट्टा ओढला. तो पट्टा अख्खा अलीकडे होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. दाराला पाठ टेकवून हा माणूस रोज का बसायचा, हे तिला पट्ट्यावरून कळलं असावं. ती रडली नाही, फक्त आवाज मुद्दाम खाली आणला, छातीतून काढल्यासारखा, आणि सावकाश म्हणाली, “अहवाल मिळायला वीस मिनिटं आहेत, बाबा. माझी प्रॅक्टिस पाच वाजता आहे. तोवर तुम्ही पडा जरा. कुणी हाक मारली तर मी ऐकते.”

सगळं वाक्य ऐकू आलं. उद्यापासून त्याला गोदामात पाठवतील की घरी, हे थोरल्यालाही अजून सांगता आलं नव्हतं. बायकोशी बोलायचं होतं. समोरून माणसं येत-जात होती, बोलत होती, आणि त्यांतल्या एकाच्याही ओठांकडे त्याला बघावं लागत नव्हतं. त्याने भिंतीला डोकं टेकवलं. मुलीने बाईकडून आणखी एक कोरा कागद मागून घेतला आणि मांडीवर ठेवून त्यावर काहीतरी आखायला सुरुवात केली, तोवर तो झोपला होता.